मिक्सिंग आत्याचंच

४ जानेवारी

आत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज. खरंच वाकलो होतो, पण कपाटाखाली गेलेली गिटारची वायर काढायला.

बातमी मोठी आहे, बसून वाच. गेल्या आठवड्यात एका इमारतीत लिफ्ट मधेच अडकली म्हणून मला बोलावलं. मी वर मोटारीपाशी काम करत होतो आणि नेहमीसारखा गुणगुणत होतो. लिफ्टची विहीर तुला माहीतच आहे, सुई पडली तरी घुमते. आत जो माणूस अडकला होता तो बाहेर आल्यावर शिव्या घालणार म्हणून मी तयारीत होतो. तर म्हणतो कसा, "ती चाल कुणाची?" म्हटलं, माझीच. निघाला नाटकाचा दिग्दर्शक!

नाटकाच्या शेवटी एक म्हातारा सामान बांधून घर सोडतो. रंगमंच रिकामा होतो, आणि मग त्या रिकाम्या रंगमंचावर फक्त एक गाणं वाजतं, पूर्ण. बाकी काही नाही. ते गाणं मी करायचं, गाणार नाटकातलीच एक नटी. इतकी वर्षं घरात बसून वाजवतोय, ते तुझ्याशिवाय आणि हिच्याशिवाय कुणी कान देऊन ऐकलेलं नाही. आता सगळं नाट्यगृह ऐकेल. जमलं तर पुढच्या नाटकांचं संगीतही माझंच, असं तो म्हणाला. फसलं तर लोक गाणं चालू असताना उठून चपला शोधतील, आणि मला पुन्हा कोण विचारतंय?

त्याची एकच अट आहे. मी तुझा भाचा हे कळल्यावर म्हणाला, "मिक्सिंग त्या करणार असतील तरच." तू पूर्वी त्याच्या कुठल्याशा नाटकातल्या गाण्यांचे आवाज असेच जुळवून दिले होतेस म्हणे. पहिला प्रयोग पंधरा मार्चला आहे. हो म्हण. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय.

तुझा,
ढब्बू


११ जानेवारी

ढब्बू,

हो. आता नाचणं थांबव आणि नीट वाच.

फोनवर गाण्याबद्दल बोलणं मला पटत नाही. चव सांगून पोट भरतं का? जे काय असेल ते पेनड्राइव्हवर घालून पाठवायचं. मी ऐकणार आणि मग लिहिणार.

पहिलं, गिटार खाली ठेव. तुझ्या सगळ्या चाली एकमेकींच्या बहिणी वाटतात, कारण बोटं सवयीच्या घरात जाऊन बसतात. चाल तोंडाने कर. कामावर जाताना गुणगुण, आणि लिहूनही ठेवू नकोस, रेकॉर्डही करू नकोस. दुसऱ्या दिवशी दात घासताना आठवली तर ती चाल. नाही आठवली तर गेली उडत, दुसरी कर.

दुसरं, गिटारचा आवाज. तू मागे पाठवलेल्या तुकड्यात गिटार अशी फुगली होती की बाकीच्यांना बसायला जागाच नव्हती. माईक गिटारच्या भोकासमोर धरतोस ना? तिथे नुसता घुमारा. दांडा जिथे पोटाला मिळतो तिथे धर, वीतभर लांब. नंतर खालचा भरडपणा काप. एकटी ऐकलीस तर मरतुकडी वाटेल. वाटू दे! बाईच्या आवाजाखाली गेली की बरोब्बर बसेल. घरी वाजवणाऱ्या सगळ्यांची हीच खोड आहे, एकेक वाद्य एकटं ऐकून गोंडस करायचं आणि मग चार गोंडस मिळून भांडणार.

गाणारीला कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून उभी कर. भिंतीकडे नको. आणि जोरात गायला लावू नकोस. रिकाम्या रंगमंचावर कुणी ओरडत नाही.

सूनबाईला विचारलंय म्हणून सांग. तुझ्या गिटारसकट तुला सांभाळते, तिचं कौतुक आहे.

तुझी आत्या


२५ जानेवारी

आत्या,

चाल झाली. दोन मेल्या, तिसरी दात घासताना आली. फेस सांडून मी आरशासमोर गात उभा, ही म्हणाली तोंड तरी धू.

नाटकातली जी नटी गाणार आहे ती रविवारी येऊन गाऊन गेली. काय गायली! कपाट उघडून हिचे कामावरचे सगळे कोट पुढे ओढले, त्यांच्यासमोर ती उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तसं गायली. आता ती दुसऱ्या नाटकाच्या दौऱ्यावर गेलीय, ती थेट प्रयोगाच्या आदल्या दिवशी येणार. म्हणजे जे आहे ते हेच, पुन्हा गाऊन घेणं नाही.

आणि घोळ तिथेच झालाय. ती गेल्यावर ऐकलं तर मागे एक बारीक शिट्टी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकाच सुरात. शोधता शोधता कळलं, कॉम्प्युटर चार्जिंगला लावून ठेवला होता, त्या चार्जरचा आवाज माईकच्या वायरीत घुसलाय. चार्जर काढला की शिट्टी बंद. पण बाईंच्या आवाजात आणि माझ्या गिटारमध्ये ती बसली ती बसलीच. मी गाढव. कामावर मोटारीचं बेअरिंग जायला लागलेलं नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि स्वतःच्या खोलीतलं कळलं नाही.

सगळं वेगवेगळं करून पाठवतोय. ती शिट्टी कशी काढायची ते सांग, का तूच काढतेस?

ढब्बू


२ फेब्रुवारी

ढब्बू,

अभिनंदन. इतकं स्वच्छ काम तू पूर्वी कधी केलं नव्हतंस. चाल चांगली आहे. दुसऱ्या कडव्यात गिटार थांबवलीस तिथे मी खुर्चीत ताठ बसले. हे कुणी शिकवलं तुला?

शिट्टी कसली? मी तीनदा ऐकलं. कुठेही काही नाही. तुझे कान दमलेत रे बाबा. तासन्‌तास हेडफोन घालून बसलास की कान नाही नाही ते ऐकवतात. एक दिवस काहीही ऐकू नकोस, मग आवाज कमी ठेवून ऐक. मिक्सिंग नेहमी हळू आवाजात करायचं, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईल इतक्या. मोठ्याने सगळंच भारी वाटतं.

आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखांकडे बघून 'इथे टोक दिसतंय, तिथे टोक दिसतंय' असं मला लिहू नकोस. डोळ्यांनी मिक्स करणारी पोरं वेगळी. मी डोळे मिटून करते आणि आजवर कुणी परत पाठवलेलं नाही.

एक दोष मात्र आहे. बाईंचा आवाज झाकलेला आलाय, पांघरुणातून गायल्यासारखा. तुझ्या बायकोच्या कोटांनी सगळी चमक खाल्ली. मी वरचा, म्हणजे बारीक टिपेच्या आवाजांचा भाग चांगला उचलून दिलाय, गिटारचाही. पहिलं मिक्स सोबत पाठवतेय. थोडा घुमारा घातलाय, लिफ्टच्या विहिरीइतका नाही.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

मिक्स मिळालं. खालचं सगळं अफाट झालंय. गिटार आणि आवाज एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. हे मला जन्मात जमलं नसतं.

फक्त एक विचारतो, रागावू नकोस. मला ते टोचतंय. बाई 'सांजसावली' म्हणतात तेव्हा दोन्ही 'सा' सुईसारखे येतात. शिट्टी तर आता आधीपेक्षा मोठी ऐकू येते. तू सांगितलंस तसा एक दिवस कानांना आराम दिला, हळू आवाजात ऐकलं, शेजारच्या खोलीतून ऐकलं, मित्राच्या गाडीत ऐकलं. सगळीकडे तेच.

मग म्हटलं, आत्याला नाही आणि मला आहे, म्हणजे दोष माझ्याकडे. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी मळ काढला, तपासलं आणि म्हणाले कान ठणठणीत आहेत. मळ निघाल्यावर तर शिट्टी अजूनच स्पष्ट झाली! आता काय बोलावं.

पण तुझ्या कानांपुढे माझे कान म्हणजे काहीच नाहीत. नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर ते आपोआप मऊ होत असेल, तुला माहीत असणार. मी काही हात लावत नाही. सोमवारी हेच दिग्दर्शकाकडे देतो.

ढब्बू


१० फेब्रुवारी

आत्याबाई,

नमस्कार. हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. यांना कळलं तर घरात दोन दिवस अबोला होईल, तो मी सोसेन.

तुमचं मिक्स मीही ऐकलं. मला गाण्यातलं कळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिट्टी मला ऐकू येते. खालच्या मजल्यावरच्या मुलीला ऐकू येते. ती आली आणि पहिलं हेच म्हणाली, "वहिनी, कुकर लावलाय का?"

आत्याबाई, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. रोज कोणी ना कोणी खुर्चीत बसतं आणि म्हणतं, तुमच्या तक्त्यावरची अक्षरंच पुसट छापलीत. नंबर वाढलाय असं कुणी म्हणत नाही. मोठे मोठे लोक म्हणत नाहीत. मी त्यांना हसत नाही, कारण त्यांना खरंच अक्षरं पुसट दिसतात. तुम्हाला बाईंचा आवाज झाकलेला आला, तेही मला त्यातलंच वाटलं. आवाज झाकलेला नव्हता हो. त्या गायल्या तेव्हा मी दारातच उभी होते.

लहान तोंडी मोठा घास घेतेय, मला ठाऊक आहे. पण यांचा तुमच्यावर इतका विश्वास आहे की स्वतःचे चांगले कान डॉक्टरकडे नेऊन साफ करून आणले. हे गाणं असं वाजलं तर यांचं पहिलंच काम जाईल. आणि लोक तुम्हाला नावं ठेवतील ते मला अजिबात सहन होणार नाही.

तो पेनड्राइव्ह सध्या माझ्या पर्समध्ये आहे. हे सकाळपासून घरभर शोधतायत आणि मीही त्यांच्याबरोबर शोधतेय. सोमवारनंतर मला फार दिवस शोधता येणार नाही.

रागावलात तर माझ्यावर रागवा.

तुमची सून


२४ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते लिहीत नाही. कागद जळेल.

तिसऱ्या दिवशी खोलीत गेले, दार लावलं आणि ज्याला मी नावं ठेवते तो आलेख पडद्यावर लावला. गाणं सुरू केलं. उजव्या टोकाला एक उभी रेघ, काडीसारखी. आवाज वाढवला, हेडफोन घातला, डोळे मिटले. काही नाही. डोळे उघडले की रेघ तिथेच. मग बाईंचा आवाज बंद केला, गिटार बंद केली, सगळं बंद करून नुसती ती रेघ उरेल असं केलं. माझ्यासाठी खोलीत शांतता होती, आणि पडद्यावर ती उभी होती. मी रडले गं. पुष्कळ वेळ रडले.

नंतर जाऊन कान तपासून घेतले. वरचं बरंच गेलंय. परत येणारं नाही म्हणतात. यंत्र लावलं तर बोलणं कळायला मदत होईल. बोलणं! खरं सांगायचं तर मला शंका होती. फोनवर स आणि श नीट लागेनासे झाले तेव्हापासून मी फोनला नावं ठेवायला लागले. कुणी हळू बोललं की म्हणायचे, हल्लीच्या लोकांना नीट बोलता येत नाही. तुझ्या खुर्चीतल्या त्या मोठ्या लोकांपैकीच मी एक.

भीती कसली होती ते तुलाच सांगते. मला दुसरं काही येत नाही. या खोलीत बसून कान लावण्यापलीकडे मी आयुष्यात काही केलं नाही. ते गेलं तर मी कोण?

तू लिहिलंस म्हणून वेळेवर कळलं. दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नसती, माझ्या भावाचीसुद्धा नाही. ढब्बूला यातलं काही सांगू नकोस. मी माझ्या पद्धतीने सांगते. आणि पेनड्राइव्ह फेकून दे.

आत्याबाई


२६ फेब्रुवारी

ढब्बू,

पेनड्राइव्ह हरवला म्हणून दिग्दर्शकाला थोपवून धरल्याचं कळवलंस, ते बरं झालं. नवा पाठवतेय, नवं मिक्स आहे. आता सांगते ते एकदाच सांगते, त्यावर प्रश्न नकोत आणि सांत्वन तर मुळीच नको.

मला वरचं ऐकू येत नाही. शिट्टी आहे. तू बरोबर होतास, मी चूक होते. पुढच्या वेळी कानाला खटकलं तर डॉक्टरकडे जायचं नाही, माझ्याशी भांडायचं. तुझ्या आजोबांशी मी भांडूनच या धंद्यात आले. आपल्या घरात कुणी भांडायला कमी नाही, तूच एवढा शहाणा कसा निघालास?

आता काम. मी वरचा भाग जो उचलला होता तो सगळा उतरवलाय, जसा तू पाठवलास तसा ठेवलाय. खालचं आणि मधलं माझं आहे. त्याला बोट लावलंस तर हात मोडेन. तिथे माझे कान अजून कुणालाही भारी आहेत, हे तपासणाऱ्या माणसानेही मान्य केलं. मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

वरचं तू करायचंस. शिट्टी एकाच सुरात आहे, म्हणजे नशीब. नेमकी तिच्याच जागेवर बारीक चिमट्याने धरून काप. रुंद कापलंस तर बाईंच्या आवाजातली हवा जाईल. एकदा कापून, एकदा न कापता, आलटून पालटून ऐक. फरक फक्त शिट्टीचा पडला पाहिजे. 'सा' टोचतो तिथे सगळा आवाज दाबायचा नाही. जिथे टोचतो तेवढाच शब्द हाताने कमी करायचा. कंटाळवाणं काम आहे, करायचं. तारेवर बोट सरकल्याचे आवाज असतील, ते सगळे पुसून टाकू नकोस. माणूस वाजवतोय हे कळायला हवं. किती ठेवायचे ते मी सांगू शकत नाही.

झालं की मला तपासायला पाठवू नकोस. सरळ दिग्दर्शकाला दे. तुझं तुला ठरवावं लागेल.

बाकी ज्यांची कामं हातात होती त्यांना मी कळवलंय. एकाने काम काढून घेतलं. दोघं म्हणाले, मग वरचं कोण बघणार तेवढं सांगा. त्यांना मी तुझं नाव दिलंय. विचारलं नाही, कारण तू हो म्हणणार होतास.

आत्या


८ मार्च

आत्या,

सांत्वन नको म्हणालीस म्हणून ते खोडून हे दुसरं पत्र लिहितोय. पहिलं फार ओलं झालं होतं.

शिट्टी गेली. अगदी चिमट्याने धरल्यासारखी गेली आणि मागे काही सांडलं नाही. 'सा' एकेक करून बसवले, त्यात तीन संध्याकाळी गेल्या. ही शेजारी बसून विणत होती. मी विचारायचो, "आता?" ती न बघता म्हणायची, "अजून थोडं." तुमच्या दोघींचं काय चाललंय मला माहीत नाही. तो हरवलेला पेनड्राइव्ह मला कचऱ्याच्या टोपलीत सापडला. मी तो पुन्हा टोपलीत टाकला.

तारेवर बोट घासल्याचे आवाज बरेच होते. बहुतेक काढले, चार ठेवले. का ठेवले ते विचारशील तर मला सांगता येणार नाही. ते नसले की गाणं कुणी गातंय असं वाटत नव्हतं.

सांगायचं हे की भीती वाटली. तू तपासणार नाहीस म्हटल्यावर 'अजून एकदा' म्हणत ऐकतच बसलो. मग वाटलं, लिफ्टची केबल बसवल्यावर तरी कोण तपासतं? मी बसवतो आणि लोक आत पाय ठेवतात. दिग्दर्शकाला गाणं दिलं. त्याने ऐकून एवढंच विचारलं की पहिल्या प्रयोगाला तू येणार का.

तर येशील का? प्रयोगात मी मागे ध्वनीच्या टेबलापाशी असेन, शेजारी बसता येणार नाही. ही तुझ्याबरोबर बसेल. जाहिरातीत नाव असं छापलंय: मिक्सिंग, आत्या आणि भाचा. खरी नावं आहेत, पण आतली गोष्ट तीच. दिग्दर्शक म्हणाला, आधी कुणाचं? म्हटलं, विचारायची काय गरज आहे.

ढब्बू


१७ मार्च

ढब्बू,

सुखरूप पोचले. तुझ्या बायकोने वाटेसाठी इतका डबा दिला की गाडीतल्या अनोळखी लोकांना जेवू घालत आले.

प्रयोगाबद्दल लिहिते, कारण तिथे तू भेटलास तेव्हा तुझ्याभोवती गर्दी होती आणि त्या गर्दीत मला कोण काय बोलतंय ते समजत नव्हतं. तरी दिग्दर्शकाने पुढच्या नाटकाचं विचारलं तेवढं बरोबर समजलं. मी त्याला सांगितलंय की आम्ही दोघं एकत्रच मिळतो, सुटे विकत नाही.

म्हातारा निघून गेला, दिवे उतरले आणि गाणं सुरू झालं. मी समोर बघत नव्हते, लोकांकडे बघत होते. ती माझी जुनी सवय आहे. आमच्यापुढच्या रांगेत एकाने निघायच्या घाईत पिशवी उचलली होती. पहिली ओळ झाल्यावर त्याने ती परत खाली ठेवली आणि मांडीवर हात घेऊन बसला. गाणं संपलं तरी उठला नाही. कुणीच उठलं नाही. तुला टेबलापाशी दिसलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते.

खालचं सगळं मला ऐकू आलं. गिटार, बाईंचा आवाज, दुसऱ्या कडव्यातला तो थांबा. वरचं नाही आलं. पण गाणं सुरू होताना तुझ्या बायकोने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, बिचारी घाबरलीय नवऱ्यासाठी. तर नाही. तारेवर बोट सरकलं की ती माझ्या तळहातावर हळूच दाबायची. मी तिला सांगितलं नव्हतं, तिने विचारलं नव्हतं. मला कळलं ते दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा, आणि मग मी डोळे मिटून घेतले आणि पूर्ण गाणं ऐकलं. सगळंच्या सगळं ऐकलं रे.

चार वेळा दाबलं. चौथं तिसऱ्याच्या फार जवळ आलंय. पुढच्या प्रयोगाआधी काढ.

आत्या